जामीन सात-बारावर नको, माणसावर द्या
(पाड्यावरच्या सभेतलं भाषण)

भावांनो, बायांनो,

जंगल जमिनीच्या केसमध्ये आपला माणूस आत गेला की आपण म्हणतो, शिक्षा झाली. शिक्षा कुठे झाली? केस तर अजून उभीच राहिली नाही. असा जो आत बसतो तो कच्चा कैदी. तुरुंग गच्च भरलेत त्यात हे कच्चे कैदी फार.

मग तो सुटत का नाही? कोर्ट जामीन देतं, पण जामीनदार मिळत नाही. जामीनदाराचा सात-बारा आणा, ऐपतीचा दाखला आणा. आपण बापजाद्यांपासून कसतो ती जमीन कागदावर फॉरेस्टची. म्हणजे जमिनीपायी आत गेलो आणि जमिनीचा कागद नाही म्हणून आतच राहिलो! शेवटी सावकार जामीन राहतो, आणि त्याच्या शेतावर फुकट राबावं लागतं.

1978 साली मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याकडे 10,000 रुपयांचा जामीन मागितला. भाऊ उभा राहिला, तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. सुप्रीम कोर्टाने त्याला 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडलं. 1979 साली हुसैनआरा खातून केस झाली. बिहारात काही गरीब कैदी पुऱ्या शिक्षेपेक्षा जास्त दिवस खटल्याशिवाय आत होते. कोर्टाने त्यांना सोडायला लावलं आणि सांगितलं, ज्याचं घरदार, बायकापोरं, कामधंदा गावात आहे तो पळणार नाही, त्याला जातमुचलक्यावर सोडता येतं.

कोणी विचारेल, मग गुंडही सुटतील, त्याचं काय? रास्त सवाल आहे. खून करणारा, बायांवर हात टाकणारा, साक्षीदाराला धमकावणारा मोकाट सुटावा असं आपण म्हणत नाही. त्याचा पहिला त्रास आपल्याच पाड्याला. पण आज काय होतं? पैसेवाला गुंड दुसऱ्या दिवशी बाहेर, आणि नांगर धरणारा आत. यात गावाचं रक्षण कुठे झालं? माणूस धोक्याचा आहे का ते बघा, त्याचा खिसा बघू नका.

आता आपलं काम. पकडल्याची तारीख लिहून ठेवा. 60 दिवसांत, फार मोठ्या गुन्ह्यात 90 दिवसांत, चार्जशीट आली नाही तर जामीन हा हक्क आहे. पण अर्ज करावा लागतो, आपोआप कोणी सोडत नाही. दर तारखेला पाड्यातले चार जण कोर्टात जा. जातमुचलका मागा. आणि सुटलेला माणूस तारखेला हजर राहील हे आपण सगळ्यांनी बघायचं. एक चुकला तर पुढच्या दहांची वाट बंद होते.

जिंदाबाद!