दंडाच्या सरासरीपलीकडे



मोर्णा नदीच्या काठी, राजराजेश्वराच्या आणि असदगड किल्ल्याच्या या जुन्या शहरात आपण जमलो आहोत. म्हणून विषयही इथल्या रस्त्यावरचाच घेतो: नो पार्किंगचा दंड.

महाराष्ट्रात डिसेंबर 2021 मध्ये दंडाचे वाढीव दर लागू झाले. नो पार्किंगला पहिल्यांदा 500 रुपये, पुन्हा सापडल्यास 1500. समजा, शंभर चालानांपैकी ऐंशी पहिल्या वेळची आहेत आणि वीस पुढची. सरासरी येते 700 रुपये. एवढी रक्कम एकाही वाहनधारकाने भरलेली नसते. मध्यक आणि बहुलक दोन्ही 500 सांगतात. दर ठरलेले असताना रकमेची सरासरी काढून अहवाल सजवणे मला व्यर्थ वाटते. ती वाढली, तर पुन्हा सापडणाऱ्यांचा वाटा वाढला एवढेच कळते. मग तो वाटाच सांगावा.

दंड किती दिवसांनी भरला गेला, हे मात्र जरूर मोजावे. इथेही सरासरी फसवते, कारण थकलेल्या चालानांचे दिवस अजून संपलेलेच नसतात. ती वगळली की वसुली आहे त्यापेक्षा चांगली दिसते. एका महिन्याची सगळी चालाने घेतली आणि निम्म्याहून अधिक भरली गेली असली, तर मध्यक निर्धास्त काढता येतो.

सर्वांत बोलके असते ते ठिकाणांचे बहुलक. न्यूयॉर्क शहर पार्किंगच्या दंडाची नोंद जागेसह खुली ठेवते. 2016 मध्ये माहिती-विश्लेषक बेन वेलिंग्टन यांनी त्यातून सर्वाधिक दंड होणाऱ्या जागा काढल्या, तेव्हा नियम बदलून वर्षे लोटली तरी पोलीस काही ठिकाणी कायदेशीर उभ्या गाड्यांनाही दंड करत असल्याचे उघड झाले. पोलीस खात्याने ते मान्य केले. त्यासाठी मोजणी आणि क्रमवारी एवढेच गणित पुरले.

पण मित्रहो, एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. चालान झाले, म्हणजे तिथे चुकीची वाटलेली गाडी होती आणि त्या वेळी पोलीसही होता. जिथे पोलीस नव्हता, तिथली गाडी नोंदीत येत नाही. म्हणजे ही नोंद कारवाईची आहे, रस्त्याची नाही. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पिकाचा अंदाज सांगणारी पैसेवारी 50 पैशांच्या वर की खाली, यावर त्याची मदत वर्षानुवर्षे ठरत असे. म्हणून पीक कापणी प्रयोगाचे शेत कसे निवडले, हे तो आधी विचारतो. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी 1940 च्या दशकात यादृच्छिक निवडीची ही पद्धत देशात रुजवली. सडकेलगतचे डोळ्यांत भरणारे शेत चालत नाही. चिठ्ठीत निघेल तेच घ्यावे लागते.

तोच नियम रस्त्याला लावा. जयहिंद चौक, डाबकी रोड, किल्ल्याभोवतालचा भाग यांचे तुकडे पाडा, वार आणि तास चिठ्ठीने काढा आणि उभ्या गाड्या मोजा. श्रावणातला कावडयात्रेचा सोमवार वेगळा नोंदवा. दुचाकी, ऑटो, मालवाहू गाड्या वेगवेगळ्या धरा. मग ही मोजणी चालानांच्या शेजारी ठेवा. गाड्या पुष्कळ आणि चालाने तुरळक अशा जागा कोणत्या, हे तेव्हाच कळेल. आणि पार्किंगची सोयच नसल्याने दंड भरणारे कोण, हेही.

अध्यापकांनी यंदाचे प्रकल्प याच विषयावर द्यावेत आणि तक्ते महापालिकेकडे व वाहतूक शाखेकडे स्वतः नेऊन द्यावेत, अशी माझी विनंती आहे.