प्रश्न जिवंत, तर विद्यार्थी जागा



महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे अध्ययनात लक्ष नाही, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले आहे, त्यात कोणाचे चित्त रमावे?

अहमदाबादेत १९६१ साली भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. विक्रम साराभाई आणि कापड-गिरणी उद्योगाचे अग्रणी कस्तुरभाई लालभाई यांचा त्यात पुढाकार होता. हार्वर्डच्या सहकार्याने तेथे ‘केस’ पद्धती रुजली. एखाद्या उद्योगापुढील प्रत्यक्ष पेच वर्गात मांडावयाचा आणि निर्णय विद्यार्थ्यांनी करावयाचा, असे तिचे स्वरूप.

तथापि कागदावरील निर्णय चुकला, तरी कोणाचीही चूल विझत नाही. संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी १९७२ मध्ये ते पद स्वेच्छेने सोडले आणि १९७५ मध्ये राजस्थानातील जवाजा या दुष्काळी भागात शिक्षणाचा अभिनव प्रयोग आरंभिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्थाही त्यात सहभागी झाली. तेथील विणकर व चर्मकारांच्या हाती कसब होते, बाजारपेठ नव्हती. कोणता माल करावा, तो कोणास विकावा, भाव कसा ठरवावा, हिशेब कोणी ठेवावा, हेच तेथील पाठ्यपुस्तक झाले. डिझाइनच्या विद्यार्थ्याचे रेखाटन केवळ सुंदर असून भागत नव्हते. ते गावातील मागावर विणता यावे, माल विकला जावा आणि मार्गदर्शक परतल्यावरही कारागिरांना काम स्वबळावर चालविता यावे, ही खरी परीक्षा होती. पुढे कारागिरांची स्वतःची संघटना उभी राहिली.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी असा जवाजा प्रत्येक बाजारपेठेत आहे. दिवाळीनंतर पडून राहिलेला माल, थकलेली उधारी, गिऱ्हाईक एकदा येऊन पुन्हा का फिरकले नाही, हे सारे अभ्यासाचेच विषय होत. व्यापाऱ्याने ग्राहकांची नावे झाकून खातेवही विद्यार्थ्यांपुढे उघडावी. प्राध्यापकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये. विद्यार्थ्यांनी उपाय सुचवावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा दुकानाची पायरी चढून त्याचे फलित पाहावे. उपाय फसला असेल, तर त्याची कारणे शोधणे हा पुढचा धडा.

मात्र व्यापाऱ्यानेही आपला नफाच तेवढा दाखवू नये. आपली चूकही दाखवावी. देणगीने वर्गखोल्या उभ्या राहतात. त्यांत जिज्ञासा जागविण्यासाठी अनुभवाचेही दान हवे.