विश्वास कुणावर ठेवायचा?

१९४८ साली बर्ट्रंड रसेल यांच्या भाषणांनी सुरू झालेली बीबीसीची रीथ व्याख्यानमाला २००२ मध्ये ओनोरा ओनील यांनी गुंफली. या बाई तत्त्वज्ञ कांटच्या नीतिशास्त्राच्या अभ्यासक, हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्या विद्यार्थिनी. व्याख्यानं पाच, विषय एकच : विश्वास.

डॉक्टर, शिक्षक, पुढारी, कुणावरच लोकांचा विश्वास उरला नाही, अशी ओरड तेव्हा ब्रिटनमध्ये होती. उपाय म्हणून शाळांच्या आणि रुग्णालयांच्या क्रमवाऱ्या लागत होत्या, उद्दिष्टांचे आकडे आणि तपासण्या वाढत होत्या. ओनील यांनी या उपायावरच बोट ठेवलं. अशानं शिक्षक मुलांपेक्षा तपासनिसाला अधिक जबाबदार होतो; परिचारिकेचा रुग्णाजवळचा वेळ कागद भरण्यात जातो. मला हे निदान आज तर अधिकच पटतं.

मग डोळे मिटून विश्वास टाकावा का? मुळीच नाही. हॅरल्ड शिपमन या डॉक्टरवर त्याच्या रुग्णांचा पूर्ण भरवसा होता. २००० साली त्याला आपल्याच पंधरा रुग्णांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. म्हणूनच नुसता ‘विश्वास वाढवा’ हा आग्रह ओनील यांना मान्य नाही. जो पात्र आहे त्याच्यावरच विश्वास ठेवावा. आणि समोरचा त्या कामात जाणकार, प्रामाणिक आणि शब्दाला जागणारा आहे का, हे सामान्य माणसाला पारखता आलं पाहिजे. माहितीचे ढीग उघडे केल्यानं ही पारख येत नाही. गुप्ततेपेक्षा फसवणूक विश्वासाला अधिक मारक असते, हे त्यांचं म्हणणं फार मोलाचं आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतिपत्राचं उदाहरण घ्या. आपल्याकडेही रुग्णाचे नातेवाईक घाबरलेल्या मनानं, न वाचताच त्यावर सही करतात. कायद्याची बाजू सांभाळली जाते, पण त्या माणसाचा मान राखला गेला का? ओनील म्हणतात, कलमं वाढवून संमती खरी होत नाही. रुग्णाला झेपेल तेवढं सांगावं, त्याला हवं तर आणखी विचारता यावं, आणि एकदा दिलेली संमती मागेही घेता यावी. यासाठी लांबलचक छापील मजकूर लागत नाही. रुग्णाच्या भाषेत बोलणारा आणि त्याचे प्रश्न संपेपर्यंत खाटेजवळ थांबणारा डॉक्टर लागतो.