मांडीवरचे यंत्र आणि मेजावरचे काम

म्हैसूर येथे १७ जुलै १९६९ रोजी केंद्रीय भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले. लिपी नसलेल्या भाषांचेही ध्वनी टिपावेत, त्यांची व्याकरणे सिद्ध करावीत, हे तेथील एक कार्य. असे काम करणाऱ्या अभ्यासकाचे काही दिवस खेड्यापाड्यांत जातात, काही मेजापाशी. साहजिकच त्याला वाटते की, मेजावरचा संगणक आणि सोबतचा लॅपटॉप असे दोन संसार कशाला? एकाच यंत्रावर भागणार नाही काय?

ही इच्छा जुनीच आहे. १९८१ साली निघालेला ‘ऑस्बर्न १’ हा संगणक उचलून नेता येई. पण त्याचे वजन सुमारे ११ किलो होते आणि घरच्या विजेवाचून तो चालत नसे. आज वजन दीड-दोन किलोंवर आले. अडचण आता उष्णतेची आहे.

प्रोसेसर जितका राबतो, तितका तापतो. मेजावरच्या पेटीत मोठा पंखा व खेळती हवा असल्याने तो ६५ वॅट किंवा त्याहूनही अधिक वीज सतत वापरू शकतो. पातळ लॅपटॉपात मात्र बहुधा १५ ते २८ वॅटवर थांबावे लागते. म्हणून आरंभी घोड्यासारखे धावणारे यंत्र तासाभराने बैलाच्या चालीवर येते. खरेदी करताना पहिल्या मिनिटाचा वेग पाहू नये. अर्ध्या तासाच्या सलग कामानंतर उरलेला वेग पाहावा. त्यासाठी थोडी जाडी पत्करावी.

दुसरी गोष्ट स्मृतीची. मेजावरच्या संगणकात ती मागाहून वाढवता येते. पुष्कळ लॅपटॉपांत ती कायमची जोडलेली असते. तेव्हा निदान १६ जीबी पहिल्याच दिवशी घ्यावी. घरी मोठा पडदा व वेगळा कळफलक जोडावा, म्हणजे मान वाकणार नाही. वीज गेली तरी काम बुडत नाही, हा लॅपटॉपचा वरचढ गुण. दिवसभर चित्रफिती घडवणाऱ्याने मात्र मेजावरचे यंत्र सोडू नये.

आणि एक सावधगिरी. दोन संसार एक झाले की धोकाही एकवटतो. प्रवासात यंत्र हरवले, तर दुसरे घेता येते. पण त्यात साठवलेला, एखाद्या विरत चाललेल्या भाषेतील वृद्धेचा आवाज पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून शक्तिमान लॅपटॉपाबरोबर एक साधी साठवणपेटीही घ्यावी, आणि रोजच्या कामाची प्रत रोज तीत उतरवून ती घरी वा मुक्कामी वेगळी ठेवावी.