दहा धंद्यांची वाकळ
(लोणावळे येथे मावळातील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे झालेले भाषण)



आवणी उरकून, चिखलाचे पाय धुऊन आपण एवढ्या पावसात येथे जमलात, याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. आम्ही पांडित्य सांगण्यास उभे नाही. आपल्या घराघरांत ऐकू येणाऱ्या एका टोमण्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

आपला मुलगा चार महिने भातात राबतो. पुढे लोणावळ्यास हॉटेलात जातो, तेथून चिक्कीच्या कारखान्यात, तेथून तळेगावास ठेकेदाराच्या हाताखाली. मग शहाणे लोक म्हणतात, 'एक ना धड, भाराभर चिंध्या!' मुलगा मान खाली घालतो. नोकरीच्या अर्जात 'अनुभव' या शब्दापुढे काय लिहावे ते त्यास सुचत नाही; तो जागा कोरी सोडतो. त्या कोऱ्या जागेने आपले घर बुडते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

हा टोमणा आला कोठून? एका जातीस एक धंदा, तो सोडणे म्हणजे अधर्म, ही शिकवण आपल्या वाडवडिलांच्या गळी उतरविली गेली. सुताराने वाकसच धरावा, कुंभाराने चाकच फिरवावे, कुणब्याने नांगरच हाकावा. आणि लेखणी तेवढी दुसऱ्याच्या कानावर असावी!

परंतु पोटाने हे शास्त्र केव्हाच मोडले. आपल्या डोळ्यांसमोरचा बोरघाट पाहा. १८६३ साली येथून आगगाडी सुरू झाली. पंचवीस बोगदे खोदावे लागले. १८६१ च्या जानेवारीत बेचाळीस हजारांवर माणसे या घाटात राबत होती. माती ओढणारा तेथे सुरुंगाचे काम शिकला, दगड फोडणारा कमान बांधण्यास शिकला. कित्येकांचे प्राण गेले. इतिहासात साहेबांची व ठेकेदारांची नावे राहिली. मजुरांची राहिली नाहीत, कारण त्यांच्या हातची विद्या कोणी लिहून ठेवली नाही.

आता ज्याने आपली विद्या वाया जाऊ दिली नाही अशा एका पुरुषाची गोष्ट ऐका. नारायण मेघाजी लोखंडे १८४८ साली ठाण्यास गरीब घरात जन्मले. शिक्षण बेताचे. प्रथम रेल्वेत नोकरी, मग टपाल खात्यात, मग मुंबईस मांडवीच्या कापडगिरणीत कोठारावर. तीन नोकऱ्या, तिन्ही निरनिराळ्या. चिंध्याच म्हणा ना! पण गिरणीच्या कोठारावर बसणाऱ्यास भोंगा केव्हा होतो, कामगार केव्हा सुटतो, पगार किती लांबतो, हे सारे दिसते. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचाराने त्या पाहण्यास अर्थ आला. १८८० साली त्यांनी 'दीनबंधु' पत्र हाती घेतले. १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात मागणे मोघम नव्हते: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, इजा झाल्यास भरपाई. असा नेमका अर्ज गिरणीची आतली रीत ठाऊक असल्यावाचून लिहिता येत नाही. १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली.

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. इंग्रजी शिक्षण अर्धवट राहिले. साताऱ्यास मुलांच्या शिकवण्या केल्या, ओगल्यांच्या काचमालाची विक्री केली, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर गावोगाव खपविले. लोखंडाने जमीन विषारी होते असा त्या काळी कुणब्याचा समज होता. त्याच्या बांधावर बसून, त्याच्याच भाषेत त्याची समजूत घालावी लागे. ज्याने असा नांगर खपविला त्यास शाळेसाठी मूठभर धान्य मागणे जड गेले नाही. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. गावे ठाऊक होती, माणसे ठाऊक होती, हिशेब ठाऊक होता. मुलांनी अंगमेहनत करून शिकावे, ही रीतही त्यांनी घालून दिली.

येथे कोणी म्हणेल, 'मग ठेकेदाराने पोरास सहा-सहा महिन्यांनी काढून टाकले तर आनंदच मानावा काय?' मुळीच नाही! धंदा आपण होऊन बदलणे वेगळे आणि हाकलले जाणे वेगळे. आठ वर्षे राबूनही ज्यास कायम करीत नाहीत त्याची लुबाडणूकच होते, व तिच्याविरुद्ध लोखंड्यांप्रमाणे एकजुटीनेच लढले पाहिजे. परंतु नोकरी हिरावून घेतली तरी हातची विद्या कोणास हिरावता येत नाही. ती आपणच फुकट टाकू नये.

घरचेच पाहा. वडगावच्या कृषि संशोधन केंद्रातून १९८७ साली निघालेला इंद्रायणी तांदूळ आपण पिकवितो आणि व्यापाऱ्याच्या दारात ओततो. उद्या तोच स्वतः विकावयाचा म्हटले तर काय लागते? ज्याने घरोघर दुधाचा रतीब घातला त्यास उधारी वसूल करता येते. जो हॉटेलात राबला त्यास गिऱ्हाइकाशी बोलता येते. ज्याने चिक्कीच्या कारखान्यात माल बांधला त्यास वजन व पुडा कळतो. टेंपो चालविणाऱ्यास पुण्यामुंबईचे रस्ते ठाऊक. बचतगटाचे पुस्तक लिहिणाऱ्या माउलीस जमाखर्च येतो. तिचे काम कामच नव्हे असे समजणाऱ्याने आधी तिच्याकडून हिशेब शिकावा. हे सारे एका घरात असते, पण एका जागी मांडलेले नसते.

आपल्या आयाबहिणी चिंध्यांचे काय करतात? दोरा घालून वाकळ शिवतात, आणि मावळच्या थंडीत सारे घर तिच्याखाली निजते. तो दोरा म्हणजे अक्षर. म्हणून आमची विनंती एवढीच: प्रत्येक घरात एक वही ठेवा. कोणते काम, कोठे, किती महिने, कोणते यंत्र चालविले, काय शिकलो, ते मुलाने व मुलीने स्वतःच्या हाताने लिहावे. काम सोडताना अनुभवाचा दाखला मागावा. तो मागण्यात लाज नाही. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, काम करता करता शिकलेल्या विद्येची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद झाली. अशा सोयींची चौकशी तालुक्याच्या गावी जाऊन करावी.

घाट खोदणाऱ्यांची विद्या कोणी लिहिली नाही. आता लेखणी आपल्या हाती आहे. आज घरी गेल्यावर पोरास विचारा, 'बाळा, आजवर काय काय केलेस?' आणि ते सांगू लागले की त्याच्यापुढे वही ठेवा.