प्रजाजन आणि नागरिक



कडोदरा ज्या पलसाणा तालुक्यात आहे, तो एके काळी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होता. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. राजा थोर होता. परंतु ते राजाचे देणे होते, प्रजेचा हक्क नव्हे. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, १९५० मध्ये राज्यघटना अमलात आली आणि प्रजाजन नागरिक झाला. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्कच ठरला.

तरीही खानदेशातून येथील मागांवर आलेला आपला माणूस स्वतःस पाहुणाच समजतो. वस्तुतः अनुच्छेद १९ ने त्याला देशात कोठेही वास्तव्य करण्याचा हक्क दिला आहे. मात्र त्याचे नाव पुष्कळदा गावच्याच मतदारयादीत राहते. मग मतदानाच्या दिवशी तो ना तेथे असतो, ना येथे. आणि त्याच्या गल्लीतील पाण्याचा, मुलांच्या शाळेचा निर्णय त्याच्याविना होतो. वास्तविक जेथे नित्य वास्तव्य, तेथेच नाव नोंदवावे, असे कायदा सांगतो. त्यासाठी नमुना ८ चा एक अर्ज पुरतो.

राजा न मागताही देत असे. प्रजासत्ताकात आपले नाव आपणच नोंदवावे लागते. आज घरी गेल्यावर ते कोठे आहे एवढे पाहावे, ही विनंती.