भरपाई कागदावर मिळते

(जिल्हा बैठकीत, चाकण येथे केलेले भाषण)



बियाणे उगवले नाही तर काय करायचे, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बिल, पिशवी, लेबल जपून ठेवायचे, लेखी तक्रार करायची आणि रान मोडण्याआधी पंचनामा करून घ्यायचा. कुळव फिरल्यावर पुरावा उरत नाही. मी शेतीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण दवाखान्यातल्या हलगर्जीपणाची भरपाईसुद्धा याच रीतीने मिळवावी लागते.

या पट्ट्यात जमिनी एमआयडीसीत गेल्या, पोरे कंत्राटावर कारखान्यात लागली. कुणाचा हात यंत्रात सापडतो, कुणाचे ऑपरेशन बिघडते. मग दोन टेम्पो भरून माणसे दवाखान्यावर जातात आणि काचा फुटतात. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याप्रमाणे हा अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि मोडलेल्या यंत्राच्या किमतीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. भरपाई मागायला गेलेला माणूस भरपाई देऊन घरी येतो!

दोन खटले लक्षात ठेवा. १९५३ साली कोकणात पालशेतला मांडीचे हाड मोडलेल्या वीस वर्षांच्या मुलाला पुण्याला आणले. पूर्ण भूल न देता जोर लावून हाड बसवले. मुलगा त्याच दिवशी गेला. बाप कोर्टात गेला. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरचा हलगर्जीपणा कायम केला. भरपाई तीन हजार रुपये.

दुसरा औरंगाबादचा. १९६३ साली शासकीय रुग्णालयात नसबंदीच्या शस्त्रक्रियेत बाईच्या पोटात कापडाचा बोळा राहिला. दुसऱ्यांदा पोट उघडले तेव्हा तो सापडला; बाई वाचली नाही. सरकार म्हणाले, आमची जबाबदारी नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढले आणि छत्तीस हजारांचा हुकूम कायम केला. बाई जाऊन जवळपास ३३ वर्षे झाली होती.

इतकी वर्षे थांबणे आपल्याला परवडत नाही. म्हणून ग्राहक कायद्याची वाट धरायची. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेला उपचार या कायद्यात आणला. पोराच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जाते, म्हणून तिथला उपचारही यात येतो, असा २००७ चा निकाल आहे. जिथे सगळ्यांनाच उपचार पूर्ण मोफत, तिथे मात्र दिवाणी दावा लावावा लागतो.

आता कामाचे बोलतो.

पहिले, केसपेपर, तपासण्या, ऑपरेशनची नोंद, संमतीपत्र यांच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाची पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत प्रती देण्याचे बंधन डॉक्टरांवर २००२ च्या नियमांनी घातले आहे.

दुसरे, मृत्यू झाला आणि संशय असेल, तर शवविच्छेदनाचा आग्रह धरा. मन तयार होत नाही, हे मला कळते. पण सरण पेटले की पुरावाही जळतो.

तिसरे, दवाखान्याने पैसे पुढे केले तर वाचल्याशिवाय सही नाही, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

चौथे, जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करा. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. त्याच विषयातल्या दुसऱ्या डॉक्टरचे लेखी मत जोडले तर तक्रारीला बळ येते.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पीक गेले म्हणजे दर वेळी बियाणेच खोटे नसते. तसा रोगी दगावला म्हणजे दर वेळी डॉक्टर दोषी नसतो. साधारण जाणकार डॉक्टरने घ्यावी तेवढी काळजी घेतली की नाही, एवढेच आयोग पाहतो. आपले भांडण त्या काळजीपुरते ठेवले, तर चांगला डॉक्टरही आपल्या बाजूने मत द्यायला धजतो.

प्रत्येक गावातून लिहिता-वाचता येणारे दोघे जण आज नावे द्या. घरचे लोक रडत असतात तेव्हा अर्ज लिहायला, पोच घ्यायला, तारीख टिपायला शेजारचाच माणूस लागतो.